वीस वर्षांचे जुने देऊळ

गेल्या वर्षी मामांकडे ओसाकाला जाण्याचा योग आला. तिथून आगगाडीने दोनेक तासांवर इसे हे गाव लागते. शिंतो पंथीयांचे हे परम पूज्य क्षेत्र. येथील 'नाइकू' हे देवालय सूर्यदेवता अमातेरासूचे.

लाकडी पूल ओलांडून इसुझू नदीच्या दगडी काठावर आम्ही हात धुतले. (हे मला कुणी शिकवावे लागले नाही!) उंच वृक्षांखालच्या खडीच्या वाटेने चालत शेवटच्या पायऱ्या चढलो, तो समोर पांढरा पडदा. कुंपणापलीकडे छपराचा शेंडा दिसेल तेवढाच. दोनदा वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचे, की दर्शन संपले.

खरे सांगतो, मी हिरमुसलो. त्यात मामा म्हणाले, "हे देऊळ २०१३ सालचे बरं का!" म्हणजे मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हाचे. याला प्राचीन कसे म्हणायचे?

येथे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हिनोकी वृक्षाच्या लाकडाचे, गवती छपराचे, हुबेहूब तसेच देऊळ बांधतात. रात्रीच्या अंधारात देवतेला नव्या घरी नेतात आणि मग जुने उतरवतात. ही रीत इ. स. ६९० पासूनची, २०१३ चा सोहळा बासष्टावा. जुने लाकूडही वाया जात नाही. ज्या कमानीखालून मी पुलावर आलो, ती जुन्या देवळाच्या खांबांचीच होती. पुढील सोहळा २०३३ साली आहे, पण त्याचे विधी २०२५ मध्येच सुरू झाले. लाकडासाठी १९२३ मध्ये दोनशे वर्षांची वनयोजना आखलेली आहे!

इतिहासाचे आमचे सर म्हणतील, मूळ वास्तूच उरली नाही तर अभ्यास कशाचा करायचा? आक्षेप खरा आहे. शिवाय पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत ही परंपरा १२० वर्षांहून अधिक काळ खंडित झाली होती, तेव्हा 'अखंड' हा शब्द जपूनच वापरावा. तरीही माझे मत इसेच्या बाजूचे आहे. वीस वर्षांच्या अंतराने एकाच सुताराला हे काम दोनदा करता येते. आधी शिकाऊ म्हणून, मग शिकवणारा म्हणून.

माझे आजोबा सुतार होते. गावच्या देवळाच्या सभामंडपाचे नक्षीदार खांब त्यांच्या हातचे. ते कुजले तेव्हा तसे घडवणारा पंचक्रोशीत कुणी मिळाला नाही. सिमेंटचा स्लॅब पडला. आजोबांचा रंधा आमच्या माळ्यावर आहे. मी तो अजून हातात धरलेला नाही.