मालकाच्या जबाबदारीवर

‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत.’ मंगल कार्यालय असो, नाट्यगृह असो की गल्लीच्या तोंडावरचे सर्व्हिस स्टेशन, ही पाटी नाही असे ठिकाण आपल्याकडे विरळाच. तिचीच सख्खी भावंडे म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि लाँड्रीच्या पावतीमागचे मुंगीच्या पावलांएवढे ‘नियम व अटी’. हे नियम आपण वाचत नाही. दुकानदारानेही ते बहुधा वाचलेले नसतात. छापखानेवाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाच्या पावतीवरून ते जसेच्या तसे उचललेले असतात आणि आरतीतल्या चुकीच्या शब्दांसारखे ते वर्षानुवर्षे तसेच पुढे चालत राहतात.

हा विषय आज काढण्याचे कारण मोटारींच्या ‘डिटेलिंग’चा धंदा. पूर्वी गाडी धुणे म्हणजे बादली, फडके आणि रविवारची सकाळ. डिटेलिंग ही त्यापुढची गोष्ट. रंगावर बसलेली काजळी आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायचे, मशीनने पॉलिश करून बारीक चरे घालवायचे, आतली गाद्या-गालिचे धुवायचे आणि वर सिरॅमिकचा थर किंवा पारदर्शक फिल्म चढवायची. खर्च काही हजारांपासून थेट लाखाच्या घरात जातो. पुण्यात आमच्या भागातच अशी चार-पाच दुकाने आहेत. चालवणारी बहुतेक पंचविशी-तिशीतली मुले. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, कर्ज काढून मशीन घेतलेली, आणि काम मनापासून करणारी.

त्यातल्याच एकाने, आमच्या शेजारच्या मुलाने, मला ग्राहकाशी करायच्या कराराचा मसुदा वाचायला दिला. बँकेत तीस वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेली, म्हणून हा मान. मसुद्यात एकोणीस कलमे होती. चरा पडला तर आम्ही जबाबदार नाही, रंग उडाला तर नाही, वस्तू हरवली तर नाही, उशीर झाला तर नाही. दर मात्र कुठेच नव्हता. “काका, एवढं पुरे ना?” त्याने विचारले. मी म्हटले, “अरे, यात तू काय करणार नाहीस ते सगळं आहे. काय करणार आहेस ते कुठंय?”

माझे मत असे की, ही एकोणीस कलमे ज्या शाईने छापायची त्या शाईचीही किंमत वसूल होत नाही. आपला करार कायदा १८७२ सालचा. दुसऱ्याची वस्तू विशिष्ट कामासाठी ताब्यात घेतली, तर सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी ती घेतली पाहिजे, असे त्याचे १५१ वे कलम सांगते. किल्ली हातात घेतली की ही जबाबदारी आलीच. दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने आपली मारुती झेन उभी करण्यासाठी हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि ती चोरीला गेली. टोकनवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होतेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला की, स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही, आणि गाडी परत देता आली नाही तर काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचे. (आपणच गाडी लावून किल्ली खिशात घातली तर गोष्ट वेगळी. कार्यालयांच्या पाटीला तेवढा आधार आहे.)

त्याआधीचे एक प्रकरण तर घरोघरी सांगावे असे आहे. मद्रासमधल्या एका लाँड्रीने ग्राहकाने दिलेली नवी साडी हरवली. पावतीवर अट होती की, कपडा हरवल्यास किमतीच्या फक्त पंधरा टक्के रक्कम मिळेल. उच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती अट सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून उडवून लावली. कारण उघड आहे. अशी अट मानली तर धुलाईपेक्षा साड्या हरवण्याचाच धंदा जास्त फायद्याचा ठरेल!

म्हणजे नकारांची यादी ग्राहकाला घाबरवण्यापलीकडे फारशी उपयोगाची नाही, आणि दुकानदाराला ती खोटा धीर देते. मग कागदावर काय हवे? पहिली गोष्ट, गाडी आली तेव्हाची तिची अवस्था. हे नुसते उपचार म्हणून नाही. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात, आणि सर्वांत वरचा पारदर्शक थर त्यातला चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आपल्या डोक्यावरचा केस याहून जाड असतो. मशीनने चरे काढायचे म्हणजे चऱ्याच्या बाजूचा थर घासून त्याच्या तळाशी आणायचा. गेलेला थर परत येत नाही. गाडीला पॉलिश ‘लावतात’ असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात ते काहीतरी काढून घेतात.

आता या मुलाच्याच दुकानातला प्रसंग ऐका. एका निवृत्त शिक्षकांची दहा वर्षांची गाडी आली. बॉनेट पूर्वी कुठल्यातरी गॅरेजात पुन्हा रंगवलेले होते. ते गुरुजींना ठाऊक नव्हते, कारण गाडी त्यांनी जुनीच घेतलेली. पॉलिश करताना बॉनेटच्या कडेला रंग जळला आणि बोटभर जागी खालचा पत्रा डोकावू लागला. गुरुजी म्हणाले, “तू खराब केलंस.” हा म्हणाला, “रंगच कच्चा होता.” दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांकडेही कागदाचा कपटा नव्हता. शेवटी याने पदरचे आठ हजार घालून बॉनेट रंगवून दिले. गुरुजी मात्र पुन्हा त्या रस्त्याने जात नाहीत. रंगाची जाडी मोजण्याचे हातात मावणारे यंत्र मिळते. गाडी घेताना ते चार ठिकाणी टेकवले असते, तर पुटीवर चढवलेला रंग आकड्यावरूनच ओळखू आला असता. (प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र साधे यंत्र चालत नाही, आणि ते एकूण जाडी सांगते, वरच्या थराची वेगळी नव्हे.) आकडे लिहायचे, ग्राहकासमोर गाडीभोवती एक फेरी मारायची, फोटो काढायचे, दोघांनी सही करायची. दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट दर, आणि भांडणाचे खरे मूळ इथेच. फलकावर लिहिलेले असते, ‘पॉलिश रु. २,४९९ पासून पुढे’. या ‘पासून पुढे’ने मराठी माणसाची जितकी फसगत केली असेल तितकी दुसऱ्या कुठल्या दोन शब्दांनी केली नसेल. मी त्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. समजा, जागेचे भाडे, वीज, पाण्याचे टँकर, दोन कामगारांचे पगार आणि मशीनचा हप्ता मिळून महिन्याला १,२०,००० रुपये जातात. महिन्याचे २५ दिवस, दोघांचे हात रोज खरोखर सहा-सहा तास गाडीवर. झाले ३०० तास. म्हणजे एका माणसाच्या एका तासाला ४०० रुपये, नुसता खर्च भरून काढायला. मधल्या आकाराच्या गाडीचे चरे नीट काढायला बारा तास लागतात असे तो सांगतो. ४,८०० रुपये झाले, वर सामानाचे ७००. साडेपाच हजारांत त्याच्या स्वतःच्या घरासाठी एक पैसाही नाही.

मग समोरचा २,४९९ मध्ये कसे करतो? बहुतेकदा तो तीन तासांत उरकतो. चरे काढण्याऐवजी तेलकट लेप भरून ते बुजवतो. संध्याकाळी दिव्याखाली गाडी आरशासारखी दिसते, आणि पाच-सहा धुण्यांनंतर लेप निघून गेला की चरे जसेच्या तसे. ग्राहकाला वाटते नवे चरे पडले. स्वस्तात केले म्हणून तो खूशच असतो आणि प्रामाणिक दुकानदार त्याला लुटारू वाटतो. म्हणून माझा आग्रह आहे की, कागदावर नुसता दर नको, तासही हवेत आणि चरे ‘काढणार’ की ‘बुजवणार’ हेही हवे. बुजवणे हा गुन्हा नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी चकचकीत हवी असेल, तर तेवढेच करावे आणि तेवढेच पैसे द्यावेत.

‘आजीवन गॅरंटी’बद्दल फार लिहीत नाही. कोणाचे आजीवन, हे एकदा विचारावे. सिरॅमिकच्या जाहिरातीत ‘९ एच’ असे मिरवतात, ते पेन्सिलने ओरखडे काढून पाहण्याच्या चाचणीचे माप आहे, हिऱ्याच्या कठीणपणाचे नव्हे. दगड उडाला तर चरा पडणारच. दर काही महिन्यांनी त्याच दुकानात पैसे देऊन देखभाल केली नाही तर गॅरंटी रद्द, अशी अट असेल तर तो खर्च पहिल्याच दिवशी बेरजेत धरून सांगितला पाहिजे.

बिलाचे मात्र सांगतो. “बिल हवं असेल तर अठरा टक्के जास्त पडतील,” हे वाक्य ज्याने ऐकले नाही त्याने हात वर करावा. जीएसटीत नोंदणी असेल तर कर त्याने भरायचाच आहे, बिल मागा अथवा न मागा. नोंदणी नसेल तर त्याला तो तुमच्याकडून घेताच येत नाही. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. आणि बिल नाही तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली. त्याच पुण्यात आजही आपण ‘बिल नको, कमी करा’ म्हणतो, हे जरा लागते.

कारण आपणही काही कमी नाही. गाडी आणताना “तुम्ही आपलेच, बघून घेऊ” म्हणायचे आणि नेताना घासाघीस करायची, ही आपली लाडकी रीत. काम होऊन गेलेले, मुलगा संकोची, मागे दुसरी गाडी उभी. पाचशे रुपये हमखास सुटतात. पण त्याच १८७२ च्या कायद्यात १७० वे कलम आहे. ज्या वस्तूवर श्रम किंवा कसब खर्ची घातले ती, वेगळा करार नसेल तर, योग्य मोबदला मिळेपर्यंत कारागिराला ठेवून घेता येते. हा हक्क तो बजावत नाही, कारण त्याला गल्लीत राहायचे आहे. शिवाय ठरलेला आकडाच कागदावर नसेल तर ‘योग्य’ म्हणजे किती, हा नवा वाद उभा राहतो.

आता त्या मुलाचा कागद एका पानाचा झाला आहे, मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा टायपात. अवस्था, काम, तास, दर, देण्याचा दिवस. सांगितल्यापेक्षा जास्त काम निघाले तर आधी फोन, होकार आल्यावरच हात लावायचा. गाडी दुकानाबाहेर कोण चालवणार त्याचे नाव. नुकसान झाले तर कोण काय भरून देणार, तेही. ‘जबाबदार नाही’ हे शब्द एकदाच आले आहेत, गाडीत विसरलेल्या रोख पैशांबद्दल. तेही मी काढायला सांगितले होते. त्याऐवजी ‘गाडी देण्यापूर्वी कप्पे दोघांनी मिळून रिकामे करावेत’ असे लिही म्हटले. त्याने दोन्ही ठेवले.

एका गोष्टीवर मात्र आमचे अजून एकमत नाही. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याकडे रांग लागते आणि दसऱ्यानंतर पुन्हा लागते, कारण बॉनेटवर काढलेल्या हळदीकुंकवाच्या स्वस्तिकाचा डाग उन्हात पक्का बसलेला असतो. या दिवसांत दर वाढवावा, असे तो म्हणतो, कामगारांना जादा तासांचे पैसे द्यावे लागतात. मी म्हणतो, जरूर वाढव, पण गणपती बसायच्या आत फलकावर लाव. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ऐनवेळी सांगू नकोस. तो म्हणतो, “काका, आधी लावला तर लोक शेजारच्या दुकानात जातील.” जातीलही. यंदा भाद्रपदात तो काय करतो ते बघू.