ठेकेदार हा नवा खोत!

एप्रिल जवळ आला की आमच्याकडे एक चर्चा हमखास होते. जयंतीच्या स्टेजला पैसे कोण देणार? मग कुणीतरी सुचवतो, "बंदरावरच्या कंपनीच्या सीएसआरला अर्ज टाकू." अर्ज जातो. कधी चेक येतो आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली कंपनीचा लोगो लागतो. त्याच स्टेजसमोर नाचणारा आपला पोरगा बंदरामागच्या गोदामात बारा-बारा तास कंटेनर खाली करतो. त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही. गेटपास आहे, त्यावर नाव ठेकेदाराचे. ठेकेदार बदलतो, पोरगा तोच, काम तेच, नोकरी मात्र पुन्हा पहिल्या दिवसापासून.

उरण-पनवेलच्या वस्त्यांत काम करताना आम्ही हे रोज पाहतो. म्हणून आज चळवळीतल्या तरुणांशी थोडे कडू बोलायचे आहे.

जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली, पण ती ज्याची जमीन गेली त्याच्यासाठी. ज्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या बौद्ध, कातकरी आणि मिठागरावरच्या मजुराच्या वाट्याला काय आले? ठेक्यावरची मजुरी. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आज त्याच्या धक्क्यांवर दुबई, डेन्मार्क, सिंगापूर आणि फ्रान्सच्या कंपन्यांचे भांडवल आहे.

या किनाऱ्याला मधला माणूस नवा नाही. खोत काय करायचा? सरकार आणि कूळ यांच्या मध्ये उभा राहून वसुली करायचा. सरकारला सारा पोचला की पुरे. कुळाला किती ओरबाडले हे कुणी पाहायचे नाही. म्हणून १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला आणि तो सहा वर्षे चालवला. म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आजचा ठेकेदार तेच करतो. कंपनीला काम वेळेत मिळाले की पुरे. मजुराचा पीएफ भरला का, हेल्मेट दिले का, हे कंपनीच्या वहीत येतच नाही.

मग सीएसआर काय आहे? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्याच्या नियमांतच लिहिले आहे की स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआर म्हणून धरायचा नाही. म्हणजे दान वेगळे, हक्क वेगळा, हे सरकारलाही कळते. आपल्यालाच कळत नाही का? आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जात होते. २० मार्च १९२७ ला महाडला आपले लोक गेले ते असे वरून ओतलेले पाणी प्यायला नव्हे. ते तळ्यात स्वतःचा हात घालायला गेले होते.

हक्काची भाषा जगात तयार आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ मध्ये कामगारांचे मूलभूत हक्क जाहीर केले: संघटना आणि सामूहिक वाटाघाटी, वेठबिगारीला बंदी, बालमजुरीला बंदी, भेदभावाला बंदी. २०२२ मध्ये त्यात सुरक्षित कामाची जागा हा हक्क घातला. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, महाडच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या आगीत ११ कामगार गेले. भेदभावविरोधी १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्येच मान्य केला आहे. त्यात 'सामाजिक मूळ' हा शब्द आहे. आपल्या देशात त्याचा पहिला अर्थ जात! पण संघटना स्वातंत्र्याचे ८७ आणि ९८ हे करार भारताने मान्य केलेले नाहीत. कामगार संघटनेला मालकाने सक्तीने मान्यता द्यावी, असे विधेयक मजूरमंत्री बाबासाहेबांनी १९४३ मध्येच आणले होते, हे लक्षात ठेवा.

"जास्त मागितले तर कंपन्या निघून जातील," असे घाबरवले जाते. कापडाचा कारखाना हलवता येतो. बंदर उचलून नेता येत नाही. इथली खाडी, इथली रेल्वे, इथला महामार्ग सोडून ते जाणार कुठे? "आम्हाला जात माहीतच नाही," असेही साहेब लोक सांगतात. मग मोजा ना! गटार आणि संडास कुणाकडे, बोजा कुणाच्या पाठीवर आणि एसीतला संगणक कुणापुढे, याचा हिशोब वार्षिक अहवालात छापा.

आता काम. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते, नव्या संहितेतही आहे. म्हणून गेटपास, हजेरी, बँकेतली पगाराची नोंद, पीएफचा नंबर, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा करून तिथल्या मोठ्या कंपन्यांना परदेशातल्या पोटकंपन्या आणि ठेकेदारांच्या कामगारांबद्दलही जबाबदार धरले आहे. डेन्मार्क आणि फ्रान्समध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी सरकारी कार्यालये आहेत. तिथे बाहेरच्या कामगार संघटनेलाही तक्रार देता येते. तक्रार उरणमध्ये दाबली तर ती कोपनहेगनला पाठवू!

कागदावरचा हक्क आपोआप मिळत नाही, हे रायगडला सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले. तरी १९२७ पर्यंत एक ओंजळ पाणी मिळाले नाही. त्यासाठी चालत जावे लागले.

यंदाच्या जयंतीला कंपनीचा लोगो नको. वर्गणी काढू, स्टेज लहान करू. आणि त्या स्टेजवरून ठेक्यावरच्या प्रत्येक पोराला, पोरीला एकच प्रश्न विचारू: तुझ्या पगाराची स्लिप कुठे आहे?

जयभीम!