रंधा कोणाचा, सुताराचा की शौकिनाचा?

उत्तम हत्यार महाग असते, महाग हत्यार सुताराला परवडत नाही, म्हणून सुताराने मिळेल त्यावर भागवावे! लाकूडकामाच्या उंची हातहत्यारांचा नवा उत्पादक बाजारात उतरला, की हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. वरवर तो व्यवहारी वाटतो. पण आहे धादांत खोटा.

लोखंडी रंध्याला आजचे रूप दिले ते लिओनार्ड बेली या अमेरिकन माणसाने. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढे कित्येक दशके देशोदेशींच्या सुतारांनी याच घडणीचा रंधा चालवला. तो काही शौकिनाच्या कपाटातला दागिना नव्हता; रोजंदारीवरच्या माणसाचे पोट त्यावर चालत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची यंत्रे बोकाळली, मागणी आटली आणि कारखान्यात कारागिरापेक्षा हिशेबनिसाचा शब्द वजनदार ठरला. दर्जा घसरला. ‘हातहत्यारांना आता गिऱ्हाईकच नाही’ असा निर्वाळा देऊन मंडळी मोकळी झाली!

गिऱ्हाईक होते. १९८१ मध्ये टॉमस ली-नील्सन यांनी मेन राज्यात, स्टॅन्लीने बंद केलेला कडा तासण्याचा छोटा रंधा ब्राँझमध्ये ओतून विकायला काढला. पुढे त्यांनी स्टॅन्लीनेच टाकून दिलेली ‘बेडरॉक’ घडण पुन्हा उभी केली. बीड असे, की हातून पडले तरी सहसा तडकू नये. पाते जुन्या दोन मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटर जाडीचे. जाड पाते थरथरत नाही, म्हणून उलटसुलट रेषांच्या लाकडावरही तलम साल निघते. यात गूढ विद्या कसली? नेटके ओतकाम, सपाट तळ, चांगले पोलाद आणि घाई न करण्याची तयारी.

मात्र या रंध्याची किंमत तीनशे डॉलरहून अधिक, म्हणजे आपले पंचवीस हजार रुपये केव्हाच ओलांडलेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुताराचाही समावेश झाला. अवजारांच्या संचासाठी तिच्यात तरतूद आहे ती पंधरा हजार रुपयांपर्यंत. करवत, पटाशी, वाकस राहोत बाजूला, एवढ्या रकमेत तो परदेशी रंधा एकटासुद्धा येत नाही! म्हणून तरतुदीला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की या पैशांत घ्यावे असे चोख हत्यार आपल्याकडे कोण घडवतो?

कोल्हापूरच्या ओतशाळांतून मोटारींचे अवघड सुटे भाग बाहेर पडतात. त्या हातांना रंध्याचे धूड ओतणे, तापवून त्यातला ताण काढणे आणि तळ सरळ घासणे जड जावे? उणीव कसबाची नाही. सुतार हा मानाचा ग्राहक आहे, असे आपल्या उद्योजकांना वाटतच नाही. उंची माल घडवायचा तो निर्यातीसाठी किंवा शहरी हौशी मंडळींसाठी, मखमली पेटीत घालून. गावच्या सुताराला काय, काहीही चालते!

तोवर हा सुतार नवा कोरा रंधा घरी आणणार आणि पहिला अख्खा दिवस काचेवर पॉलिश पेपर पसरून त्याचा तळ घासत बसणार. त्या दिवसाची मजुरी त्याला कोण देणार?