पत्र्याला छत्र, पिकाला उघडे आभाळ



डोक्यावर न गळणारे छप्पर असावे, ही काही चैनीची मागणी नाही. मराठवाड्यातल्या माळवदाला दरसाल माती लागते. विदर्भातले कवेलू फेरायला माणूस मिळत नाही. घराचे लाकूड तर कधीच आवाक्याबाहेर गेले. म्हणून शेतकऱ्याने त्यातल्या त्यात परवडणारा पत्रा घातला. तो खरोखर किती परवडतो, याचा हिशेब आम्ही बैठकीपुढे ठेवत आहोत. हिशेब क्विंटलात करू, कारण आपल्या हाती येणारा प्रत्येक रुपया आधी काट्यावर चढलेला असतो.

वीस बाय पंचवीस फुटांचे घर घ्या. भिंतीबाहेर पत्रा काढावा लागतो, उतार द्यावा लागतो, पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो. पाचशे फुटांच्या घराला सातशे फुटांच्या आसपास पत्रा जातो. शिवाय पाईप, अँगल, हूक, वॉशर, वेल्डिंग, वाहतूक आणि मजुरी. दर तालुक्यागणिक निराळे, म्हणून हिशेबापुरता सगळा खर्च एक लाख रुपये धरू. ज्याचा कमीजास्त आला असेल त्याने त्या प्रमाणात पुढचे आकडे बदलावेत.

२०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१० रुपये. म्हणजे एका छपराला सुमारे १९ क्विंटल सोयाबीन किंवा १३ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाचसहा क्विंटल सोयाबीन झाले, तर तीनचार एकरांचे अख्खे पीक छपरावर गेले. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मळणी यांचा एक पैसा कापलेला नाही. आणि हा हमीभावाचा हिशेब. बाजारात तेवढा भाव किती जणांच्या पदरात पडला, ते बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पत्र्यावर आणि लोखंडावर १८ टक्के जीएसटी आहे. एक लाखातले ऐंशी हजार मालाचे धरले तर त्यात सुमारे १२,२०० रुपये कराचे. सव्वादोन क्विंटलहून जास्त सोयाबीन नुसत्या करात गेले. घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला हा कर कुठेच वळता करून घेता येत नाही.

पण खरी गोम कराहून वेगळी आहे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने परदेशी पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लावले. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला आणि रंगीत पत्राही होता. कारण काय, तर स्वस्त आयातीची झळ देशी कारखान्यांना लागू नये. आता त्याच वर्षातले पुढचे निर्णय पाहा. मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के शुल्क पूर्ण माफ केले आणि ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या हंगामात!

गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, असे सांगितले जाते. हवा असेल. मग घर बांधणाऱ्याला स्वस्त पत्रा नको होता काय? पोलाद कारखान्याला परदेशी माल झोंबतो आणि कापूस उत्पादकाला झोंबत नाही, हा कुठला न्याय? आम्ही विकतो ते उघड्यावर आणि विकत घेतो ते कडेकोट बंदोबस्तातले. शेतकऱ्याच्या घरावर पातळ पत्रा का, याचे उत्तर इथे आहे.

कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री जाडीला लागते. पत्रा पातळ घेतला जातो, आधाराच्या पाईपांत अंतर जास्त ठेवले जाते, हूक कमी मारले जातात, वर दगड ठेवले जातात. मग वळवाचे वारे येते, पत्रा उडतो आणि दगड आत झोपलेल्या लेकरांवर पडतो. याला निसर्गाचा कोप म्हणून हात झटकता येणार नाहीत.

पत्रे उडाल्यावर पंचनामा होतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या आपत्ती निकषांत पक्क्या घराच्या अंशतः पडझडीला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० आणि गोठ्याला ३,००० रुपये ठरले. साडेसहा हजार म्हणजे आपल्या लाखाच्या छपराचा पंधरावा हिस्सा. घरकुलाचे अनुदान सपाट भागात २०१६ साली १ लाख २० हजार ठरले, तेही पुढे वर्षानुवर्षे हलले नाही.

अनुदान वाढवून द्या, एवढेच मागून आम्ही थांबणार नाही. मदत नुकसानीच्या मापाने मिळावी: किती फूट पत्रा गेला ते मोजावे आणि चालू दराने द्यावे. आयात शुल्काला एकच न्याय असावा. पत्र्याला कुंपण असेल तर कापूस-सोयाबीनलाही असावे, आणि पिकांसाठी दार उघडायचे असेल तर पत्र्यासाठीही उघडावे. हे दोन ठराव बैठकीत मांडावेत.

येताना प्रत्येक गावाने एक काम करावे. यंदा ज्यांनी छप्पर घातले त्यांची पक्की बिले गोळा करावीत आणि प्रत्येक बिलाखाली त्यासाठी विकलेले क्विंटल लिहावेत. निवेदनापेक्षा तो कागद बोलका असेल. पिकाला घामाचे दाम मिळाले, तर छपरासाठी शेतकऱ्याला कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही.