पुसलेली ओळही प्रसिद्ध करा

२०११च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपल्या रायगडचे स्पेलिंग छत्तीसगडमधल्या रायगढसारखेच आहे. नुसत्या नावावर जोडणी केली, की रोह्याचे आकडे थेट छत्तीसगडात जाऊन बसतात. जिल्ह्याचा कोड घेतला तर घोळ होत नाही: आपला ५२०, त्यांचा ४०३. पण पंचायतराज मंत्रालयाच्या निर्देशिकेचे कोड पुन्हा वेगळे. म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांब गावाला दोन सरकारी ओळखक्रमांक. दोन्हींची सांगड घालणारा तक्ता मूळ विदेसोबतच द्यायला हवा. तो प्रत्येकाने घरी बसून जुळवायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

त्याहून मोठी अडचण पुसलेल्या ओळींची. २०१२च्या राष्ट्रीय विदा धोरणानंतर सरकारी फाइली खुल्या होऊ लागल्या, पण बहुतेक वेळा अख्खी फाइल बदलून. जुन्या फाइलीत असलेली ओळ नव्या फाइलीत दिसत नाही, तेव्हा नोंद चुकीची होती म्हणून काढली, दुसरीत विलीन झाली, की चढवताना गळाली? घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मग त्याने आपल्याकडची ओळ पुसायची की ठेवायची?

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाने हे फार नेटकेपणाने सोडवले आहे. दर मिनिटाला फक्त बदलांची फाइल निघते. नवे, सुधारलेले आणि पुसलेले यांचे वेगवेगळे भाग, प्रत्येक घटकाला आवृत्ती क्रमांक, आणि शेजारी स्टेट डॉट टीएक्सटी नावाच्या इवल्याशा फाइलीत त्या बदलाचा अनुक्रमांक. पावसात खांबकडची लाइन दोन दिवस गेली तरी बिघडत नाही. लाइन आली की तिथला नक्कल ठेवणारा सर्व्हर आपला शेवटचा अनुक्रमांक वाचतो आणि पुढच्या फाइली ओळीने लावत जातो. एकच फाइल चुकून दोनदा लागली, तर आवृत्ती तपासून दुसरी खेप सोडून देता येते.

ग्रंथालयांच्या ओएआय-पीएमएच प्रोटोकॉलमध्येही पुसलेल्या नोंदींची खूण ठेवण्याची सोय आहे. ती ठेवायची की नाही, हे मात्र भांडारावर सोपवलेले. जिथे ठेवत नाहीत, तिथून नक्कल घेणाऱ्याला अधूनमधून सगळे नव्याने ओढावे लागते.

तुमच्या कार्यालयात यातले काहीच नसेल, तरी पुढची एक्सेल चढवताना प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्या. वगळलेल्या क्रमांकांची यादी कारणासह वेगळ्या फाइलीत ठेवा. आणि बदलाची वेळ लिहिताना पुढे भारतीय वेळेचे +०५:३० लिहायला विसरू नका.