जिंकूनही महिना भागत नाही

पोकर नशिबाचा खेळ की कौशल्याचा, या वादात आपण फार वेळ घालवतो. माझ्या मते त्यात कौशल्य आहे, आणि भरपूर आहे. पण कौशल्य आहे म्हणून त्यावर घर चालेल असं नाही. नोकरी सोडून या खेळात उतरणाऱ्या मुलांना हा हिशेब कोणी समोर बसवून सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ओळखीतल्या एका मुलाने मला त्याची वही दाखवली. पुण्यात इंजिनिअर होता. कुठल्या तारखेला किती तास बसला, किती घेऊन बसला, किती घेऊन उठला, सगळं टिपलेलं. मोठा ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी लावायची सक्तीची रक्कम, 200 रुपयांचा, टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्स, म्हणजे बाय-इन, 20 हजारांच्या. अशा टेबलावर टिकायचं तर वीस ते तीस बाय-इन हाताशी हवेत, असा खेळाडूंचा शिरस्ता आहे. म्हणजे चार ते सहा लाख.

रेक, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, वजा जाता शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड, म्हणजे हजार रुपये सुटले तर खेळाडू चांगला. समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. दहा हजार डाव खेळायला अडीच-तीन महिने जातात आणि त्यातून सरासरीने लाखभर रुपये मिळायला हवेत. पण तेवढ्या डावांत पावणेदोन-दोन लाखांचा चढउतार ही नेहमीची गोष्ट. चांगला खेळणाराही दहांतल्या तीन वेळा एवढं खेळून तोट्यातच उठतो.

घरभाडं मात्र एक तारखेलाच द्यायचं असतं. ते भांडवलातून जातं, आणि पेरणीचं बियाणं दळून खाल्ल्यासारखं होतं. सहाचे चार लाख झाले की शहाणा खेळाडू लहान टेबलावर उतरतो. तिथे कमाई निम्मी होते, पण भाडं तेवढंच राहतं.

पूर्वी घरबसल्या एकाच वेळी चार टेबलं खेळता यायची. तेच दहा हजार डाव काही आठवड्यांत उरकायचे आणि चढउतार लवकर भरून निघायचा. 22 ऑगस्ट 2025 ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद पडले. व्यसन आणि कर्जबाजारीपणा पाहता त्या कायद्यामागची काळजी मला पटते. पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना सावरायला महिनाभरही मिळाला नाही. आता जवळ उरला तो गोवा. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवाने देणारा 1976 चा कायदा होता, तो कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. त्यामुळे पुण्याच्या मुलाने गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचं, प्रवास आणि खोलीचं भाडं पदरचं घालून.

ते भाडं कर काढताना वजाही होत नाही. पत्त्यांतल्या कमाईवर सरसकट 30 टक्के कर आणि वर उपकर. खर्चाची वजावट नाही, तोट्याचीही नाही. समजा वर्षभरात जिंकलेल्या बैठकांचे 15 लाख आणि हरलेल्या बैठकांचे 11 लाख झाले. हातात चार लाख राहिले आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे कर होतो 4 लाख 68 हजार. सरकारने हा खेळ बंद करायचा तर करावा, पण चालू ठेवून हरलेला पैसा मोजायचाच नाही, हा मला उघड अन्याय वाटतो.

भांडवल आटलं की मुलं स्टेकिंगला जातात. पैसे दुसऱ्याचे, खेळ आपला, नफा अर्धा-अर्धा. तोटा झाला की तो ‘मेकअप’ म्हणून खेळाडूच्या नावावर चढतो आणि पुढच्या जिंकण्यातून आधी तो फिटतो. वहीवाल्या मुलावर असा तीन लाखांचा मेकअप होता. मग एका स्पर्धेत त्याला चार लाखांचं बक्षीस लागलं. त्याच्या नावाने एक लाख वीस हजार टीडीएस कापला गेला. उरले दोन लाख ऐंशी हजार, ते सगळे पैसे लावणाऱ्याकडे गेले, तरी वीस हजार बाकीच! टीडीएस कोणाच्या वाट्यातून जाणार, याबद्दल त्यांच्या करारात एक ओळही नव्हती. असा करार पुढ्यात आला तर सही करण्याआधी निदान ती ओळ लिहून घ्या.