पडद्यावर न येणारी गाडी

"मॅडम, घरबसल्या सगळं दिसतं, मग उन्हातान्हात मैदानावर कशाला जायचं?"

पालकसभा संपल्यावर एका वडिलांनी मला हे विचारलं. मुलाला मित्रांबरोबर क्रिकेटचा सामना पाहायला जायचं होतं आणि वडील परवानगी देत नव्हते. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तिकिटाचे पैसे, जाण्यायेण्याचा खर्च, गर्दी, रात्रीचा उशीर. टीव्हीवर तोच चेंडू जवळून दिसतो आणि दहादा दिसतो. मी लगेच काही बोलले नाही, कारण हाच प्रश्न एकदा मीही विचारला होता. तो सातासमुद्रापार, माझ्या आपाच्या घरी, मोटारींच्या शर्यतीबद्दल.

आपा आणि दुल्हाभाई बरीच वर्षं अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात राहतात. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेले होते. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट असतं, तशी तिथे 'स्टॉक कार'ची शर्यत. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेला माल. सुरुवातीला खरोखरच दुकानातून घेतलेल्या साध्या मोटारी पळवत, म्हणून हे नाव पडलं. त्या भागात चोरून दारू वाहणारे लोक पोलिसांना चुकवण्यासाठी गाड्या वेगवान करून घेत आणि सुरुवातीच्या चालकांमध्ये त्यांच्यापैकीही काही जण होते. १९४८ साली 'नासकार' ही संस्था स्थापन झाली आणि शर्यतींना शिस्त आली. आज गाडी फक्त वरून शेव्हरोले, फोर्ड किंवा टोयोटासारखी दिसते, आतून ती निव्वळ शर्यतीचं यंत्र असते. दार उघडत नाही, चालक खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवेही खोटे, नुसते चिकटवलेले चित्र!

आपाचा थोरला मुलगा हुशार, नाव काढणारा. धाकटा तेव्हा पंधरा वर्षांचा, अभ्यासात मधला, बोलण्यात त्याहून कमी. घरात कुणी मुद्दाम तुलना करत नसे, पण जेवणाच्या टेबलावर थोरल्याच्या बातम्या जास्त असायच्या. या धाकट्याला शर्यतींचा नाद. आवडता चालक कोण, तर जो विसाव्या, तिसाव्या नंबरावर येतो तो. आपा हसून म्हणायची, "या पोराला हरणाराच बरा सापडतो!" तो काही बोलायचा नाही.

एका रविवारी मी त्याच्याबरोबर टीव्हीवर शर्यत पाहिली. खरं सांगते, छान दिसलं. चालकाच्या डोक्यामागचा कॅमेरा, वरून उडणारा कॅमेरा, टायर बदलायला किती सेकंद लागले याचा आकडा, जुन्या चालकांचं समालोचन. कोण पुढे, कोण मागे, सगळं कळत होतं. म्हणून शार्लटच्या मोठ्या शर्यतीचं तिकीट काढायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, "अरे, घरी इतकं स्वच्छ दिसतंय की." दुल्हाभाईही तेच म्हणाले. भाचा एवढंच म्हणाला, "खाला, टीव्ही त्याला दाखवतच नाही."

मला तेव्हा ते बोलणं नीट समजलं नाही.

मेच्या शेवटच्या सोमवारच्या आदल्या रविवारी ही शर्यत असते. ६०० मैलांची, म्हणजे जवळजवळ ९६५ किलोमीटरची. नासकारच्या मोठ्या मालिकेतली ही सर्वांत लांब शर्यत. दीड मैलाचा लंबगोल रस्ता आणि त्याच्या ४०० फेऱ्या. संध्याकाळी सुरू होते ती रात्रीपर्यंत चालते. आपाने कबाब-चपात्या बांधून दिल्या. तिथे घरचं खाणं छोट्या पिशवीतून आत नेता येतं, त्यामुळे हलालची चिंता उरली नाही.

जागा बऱ्याच वरच्या होत्या. मला वाटलं, स्वस्तातल्या म्हणून वर. भाच्याने समजावलं की या खेळात उंचावरची जागाच चांगली. खाली जाळीजवळ बसलं की गाड्या फक्त सर्रकन जातात. वरून पूर्ण रस्ता एका नजरेत येतो.

पहिली गोष्ट जाणवली ती रस्त्याचा उतार. टीव्हीवर वळणं सपाट वाटतात. शार्लटची वळणं २४ अंशांनी तिरकी आहेत. आपल्या कौलारू घराचं छप्पर डोळ्यांपुढे आणा आणि त्यावरून मोटार धावतेय असं समजा. डेटोना आणि टॅलाडेगा इथली वळणं तर तीस अंशांच्याही वर आहेत. दुसरी गोष्ट वेग. लांबून गाडी जवळ ओढून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात वेग मरतो. प्रत्यक्षात एक फेरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. पाण्याची बाटली उघडून घोट घ्यावा तोवर गाड्या पुन्हा समोर. तिसरी गोष्ट आवाज. तो कानांनी ऐकायचा नसतोच, कानात बोळे घालावेच लागतात. तो छातीत आणि बसल्या बाकात उतरतो. जळलेल्या रबराचा आणि इंधनाचा वास कपड्यांना घरापर्यंत चिकटून आला.

पण गंमत अशी की पहिला तासभर मी टीव्हीच पाहत होते! या मैदानात समोरच्या बाजूला अवाढव्य पडदा उभारलाय, २०० फूट रुंद आणि ८० फूट उंच. एवढे पैसे खर्चून आत आलो आणि मान पुन्हा पडद्याकडेच. दुल्हाभाईंचंही तसंच, त्यात हातात फोन. आम्ही दोघं पहिल्या पाच गाड्यांच्या मागे होतो, कारण पडदा त्याच दाखवत होता. भाचा मात्र एकदाही पडद्याकडे बघत नव्हता. त्याची मान एका गाडीबरोबर गोल फिरत होती. तिचा नंबर तेव्हा सत्ताविसावा होता.

मैदानावर कानाला लावायचं रेडिओचं यंत्र मिळतं. त्यावर कुठल्याही चालकाचं त्याच्या माणसांशी चाललेलं बोलणं ऐकता येतं. चालकाला आजूबाजूचं फारसं दिसत नाही, म्हणून उंचावर त्याचा एक माणूस उभा असतो. आत गाडी आहे, बाहेर गाडी आहे, आता मोकळं आहे, असं तो सतत सांगत राहतो. टायर आणि इंधनाचं गणित पाहणारा प्रमुख वेगळा. भाच्याने आपल्या कानावरचं काढून माझ्या कानावर ठेवलं.

मी शिक्षिका, त्यामुळे माझं लक्ष शब्दांपेक्षा स्वराकडे गेलं. सत्ताविसाव्या नंबरावरच्या त्या चालकाशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज एकदाही चढला नाही. पुढचे कुठे पोचले आणि तू कुठे, असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. पुढच्या वळणावर गाडी कशी आहे, पुढचा टायर घसरतोय का, पुढच्या थांब्यात काय बदलायचं, एवढंच चाललं होतं. शंभरेक फेऱ्या झाल्या होत्या, जिंकण्याची आशा जवळपास नव्हती, तरी त्याच्या एकेका वळणाकडे कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन होतं. मी यंत्र काढलं आणि दुल्हाभाईंच्या कानावर लावलं.

मग भाच्याने आम्हाला ती लढत दाखवली, जी पडद्यावर कधीच आली नसती. पुढची गाडी पूर्ण फेरी मारून मागच्याला गाठते, तेव्हा मागचा एका फेरीने मागे पडतो. अशा किती तरी गाड्या होत्या. पण २००३ पासून एक नियम आहे. अपघात किंवा अडथळा आला आणि पिवळा झेंडा दाखवला गेला, की मागे पडलेल्यांमध्ये जो सर्वांत पुढे असेल त्याला गमावलेली फेरी परत मिळते. म्हणून पार मागे, जिथे कॅमेरा नसतो, तिथे तीन-चार गाड्या या एका जागेसाठी जिवाच्या आकांताने झुंजत असतात. भाच्याची गाडी त्यांच्यात होती. ती एक गाडी ओलांडून पुढे गेली आणि पुन्हा मागे आली. पडद्यावर पहिला गडी एकटाच आरामात धावत होता. खरी शर्यत आमच्या समोरच्या वळणावर होती आणि आता ती आम्हा तिघांना दिसत होती.

अर्ध्या शर्यतीनंतर सगळ्या गाड्या एका रांगेत आल्या आणि इंजिनं बंद झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा शहीद सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर एकेका शहिदाचं नाव असतं. दोन तास छातीत घुमणारा आवाज एकदम थांबला आणि हजारो माणसं गप्प उभी राहिली. कान अजून वाजत असताना आलेली ती शांतता टीव्हीच्या खोलीत कशी कळणार? तिथे आवाज बंद करायला एक बटण पुरतं. मधल्या वेळात जिन्याखालच्या मोकळ्या जागेत आम्ही मगरिब अदा केली आणि परत येऊन चपात्या खाल्ल्या.

त्यानंतर अपघात झाला. तिसऱ्या वळणावर एक गाडी फिरली, भिंतीवर आपटली, धूर उठला. टीव्हीवर अपघात म्हणजे तमाशा. चार बाजूंनी, हळू करून, पुन्हा पुन्हा. मैदानात तो एकदाच झाला आणि सगळे लोक उभे राहिले. कुणी ओरडेना. भाचा कुजबुजला, "खाला, खिडकीची जाळी बघ." चालकाच्या खिडकीला जाळी असते. ती त्याने स्वतः खाली सोडली, तर तो ठीक आहे, अशी ती खूण. किती सेकंद गेले असतील? मला फार वाटले. जाळी खाली पडली आणि टाळ्या सुरू झाल्या. २००१ साली डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा मोठा चालक गेला. तो अपघातही पडद्यावर फार भयंकर दिसला नव्हता. त्याच वर्षी मान सांभाळणारं उपकरण सक्तीचं झालं, नंतर धक्का झेलणाऱ्या भिंती आल्या. एवढं सगळं त्या जाळीमागे आहे, हे मला त्या क्षणी उमगलं.

जाळी पडल्यावर, आधी नाही, भाच्याने बापाचा हात धरला. "अब्बा, फेरी मिळाली! त्याला फेरी परत मिळाली!" पिवळा झेंडा लागला, तेव्हा त्याचीच गाडी त्या जागेवर होती. दुल्हाभाईंनी फोन खिशात ठेवला आणि विचारलं, "आता कितवा आहे रे तो?" त्या संध्याकाळी मुलाच्या गाडीबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. पुढचे दोन तास बापलेक एक यंत्र आळीपाळीने कानाला लावत होते.

तो चालक शेवटी तेविसावा आला. घरी येताना गाडीत तेविसाव्याचीच चर्चा होती. पहिला कोण आला, हे आपाने दारात विचारलं, तेव्हा आम्हाला क्षणभर आठवावं लागलं.

म्हणून टीव्ही वाईट, असं मी म्हणणार नाही. १९७९ साली डेटोनाची ५०० मैलांची शर्यत प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली गेली. अमेरिकेच्या पूर्व भागात तेव्हा बर्फाचं वादळ होतं, लोक घरात अडकले होते. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, मागून रिचर्ड पेटी जिंकून गेला आणि मैदानातच हाणामारी झाली. घरच्यांना ती मैदानातल्या अनेकांपेक्षा जवळून दिसली. एका भागापुरता असलेला हा खेळ देशभर पोचला तो अशाच प्रक्षेपणांमुळे. ज्यांना चालवत नाही, परवडत नाही, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्यांच्यासाठी पडदा ही मोठी सोय आहे. शर्यतीचा पूर्ण अर्थ समजायलाही तोच बरा.

फरक एवढाच की घरी बसलं की कुणाकडे बघायचं हे दुसरा कुणी ठरवतो आणि तो बहुतेक वेळा पुढच्यालाच निवडतो. मैदानात डोळे आपले असतात. मागच्या गाडीवर ते ठेवायचे असतील, तर कुणी अडवत नाही.

त्या वडिलांना मी एवढंच म्हटलं, "पाठवा त्याला. जमलं तर तुम्हीही जा. आणि त्याचा आवडता खेळाडू कोण, ते त्याला विचारा. चेंडू कुठेही असो, थोडा वेळ त्याच खेळाडूकडे बघा."

भाचा आता मोठा झालाय. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजूनही फोनवर निकाल उघडते. वाचायला सुरुवात खालून करते. दहावीच्या निकालाचा कागद हातात येतो, तेव्हाही तसंच करते. पहिल्या पाचांची नावं गावभर होतातच. खालच्या मुलांना शाळेत बोलावून घेते आणि आधी विचारते, पुढचं वळण कोणतं आहे?